थँक्यू न म्हणणारी माणसं आणि माझं बीपी

डॉक्टरनं स्वतःचं बीपी मोजणं म्हणजे न्हाव्यानं स्वतःची हजामत करण्यासारखं आहे. जमतं, पण नीट होत नाही. माझं बीपी गेल्या वर्षभरात कधी 136, कधी 144 असं मागंपुढं होत होतं. रोज चाळीस जणांना 'मीठ कमी करा' सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या बाबतीत 'थकवा असेल' म्हणून सोडून द्यायचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. शेवटी गेल्या पावसाळ्यात एका मित्रानं, तोही डॉक्टरच, माझ्या दंडाला चोवीस तासांचं बीपीचं मशीन बांधलं.

या मशीनबद्दल थोडं सांगतो, कारण अनेक पेशंट विचारतात. दंडाला नेहमीसारखा पट्टा असतो आणि कमरेला मोबाइलएवढा डबा. दिवसा साधारण दर अर्ध्या तासाला पट्टा आपोआप फुगतो, रात्री जरा कमी वेळा. पट्टा फुगला की हात स्थिर ठेवायचा आणि बोलायचं नाही. सोबत एक वही द्यायची. किती वाजता काय करत होतो, कधी जेवलो, कधी झोपलो, कुणाशी वाद झाला का, हे त्यात लिहायचं. दवाखान्यात डॉक्टरला पाहून ज्यांचं बीपी चढतं त्यांचा खरा आकडा यातून कळतो. घरी असल्यावर चढणारेही असतात, तेही यात सापडतात. दिवसाची सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर गेली तर बीपी आहे असं धरतात.

दुसऱ्या दिवशी मित्रानं रिपोर्ट काढला आणि म्हणाला, "साडेअकराला काय झालं होतं रे?"

अकरा वाजता 138/86. साडेअकराला 164/98. बाराला 152/94. साडेबाराला 150/92. एक वाजता 140/86.

मी वही उघडली. साडेअकराच्या पुढं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बँक. दार. कुणी थँक्यू म्हणालं नाही.'

मित्र इतका हसला की त्याची सिस्टर आत डोकावून गेली.

झालं होतं असं. मी जालन्यातल्या एका बँकेत गेलो होतो. पाऊस नुकताच थांबलेला. एकीकडं पीककर्जाची गर्दी, दुसरीकडं 'लाडकी बहीण'चे पैसे आले का बघायला आलेल्या बायांची. बँकेला काचेचं जड दार आहे, सोडलं की धाडकन बंद होणारं. वॉचमन चहाला गेला असावा. मी दार ढकलून आत शिरणार तेवढ्यात मागून एक बाई आली, कडेवर लेकरू, हातात पिशवी. मी दार धरून ठेवलं. ती आत गेली. तिच्या मागं दोन पोरं, मोबाइलमध्ये मान घालून. मग पांढऱ्या कपड्यातला एक जण, फोनवर कुणाला तरी मोसंबीचा भाव सांगत. मग आणखी एक, मग आणखी एक. एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. सातव्या माणसानं पाहिलं, पण तो म्हणाला, "मामा, पैसे काढायची स्लिप कुठं भेटते?" मला वॉचमन समजला होता.

त्याच्या मागं एक म्हातारे गृहस्थ होते. पायजमा, पांढरा शर्ट, टोपी. ते उंबऱ्याशी येऊन थांबले. मी दार धरलेलं, मागं चार माणसं खोळंबलेली, आणि हे जागचे हलेनात. माझ्याकडं नुसतं टक लावून बघत राहिले. चेहऱ्यावर काहीही नाही. मी म्हणालो, "या ना बाबा." काही नाही. मी पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "या लवकर, दार जड आहे." मग एकदम बारीक बारीक पावलं टाकत ते माझ्या समोरून आत गेले. ना मान हलवली, ना हसले, ना 'हं'. मी दार सोडलं, ते जरा जोरातच सोडलं. मनात म्हटलं, एवढा माज?

काम झालं नाही. आत बाकावर बसलो आणि पट्टा फुगला. 164.

एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी पेशंटला सांगतो तसं स्वतःलाही सांगितलं. पण पुढचे दोन आकडे मला जास्त बोलके वाटले. बाराच्या सुमाराला मी दवाखान्यात पोचलो होतो आणि कंपाउंडरला हा किस्सा रंगवून सांगत होतो. साडेबाराला बायकोला फोनवर सांगत होतो. 'आणि वर मलाच विचारतो, स्लिप कुठंय!' बोलण्यानंसुद्धा बीपी थोडं वाढतंच. म्हणून तर बीपी मोजताना गप्प बसा असं आम्ही सांगतो, आणि बहुतेक पेशंट नेमके तेव्हाच सुनेबद्दल बोलायला सुरुवात करतात. तेवढी वजाबाकी केली तरी उरतंच. दार मी एकदाच धरलं होतं. राग मात्र तीनदा आला.

राग आला की शरीर भांडणाची तयारी करतं. ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. समोर कुत्रं किंवा दरोडेखोर असेल तर हे कामाचं आहे. पण राग आठवूनही शरीर तीच तयारी करतं, समोर कुणी नसलं तरी. 2024 मध्ये अमेरिकेत 280 निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. काही जणांना फक्त आठ मिनिटं, पूर्वी राग आला होता असा प्रसंग आठवायला सांगितलं. त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता पुढं जवळजवळ चाळीस मिनिटं कमी राहिली. दुःखाचा किंवा काळजीचा प्रसंग आठवलेल्यांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. त्याआधी 1995 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. जोराच्या रागानंतरच्या दोन तासांत हार्ट ॲटॅकची शक्यता दुपटीहून थोडी जास्त होते, असं त्यात दिसलं. घाबरू नका, मुळात दोन तासांची शक्यता अगदी किरकोळ असते, तिची दुप्पटही किरकोळच. पण दिवसातून दहा वेळा पेटणाऱ्या, त्यात आधीच शुगर आणि तंबाखू असलेल्या माणसाचा हिशोब वेगळा.

'मग राग बाहेर काढावा ना, डॉक्टर? मनात ठेवला तर जास्त वाईट.' हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. त्यावरही प्रयोग झालेत. 2002 सालच्या एका प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला दिले. ज्यांनी राग आणणाऱ्या माणसाचा चेहरा आठवत ठोसे मारले ते शांत झाले नाहीत, उलट जास्त चिडलेले निघाले. काहीच न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे. मी कंपाउंडरसमोर आणि फोनवर तेच केलं होतं, बॅग फक्त नव्हती.

आता मुळात राग कशाचा आला, हेही बघू. मी दार धरलं हे खरं, पण धरताना मनात बिलही फाडलं होतं. एक थँक्यू किंवा निदान मान हलवणं, एवढी रक्कम. ते बिल लोकांना दिलंच नव्हतं, आणि वसुली होत नाही म्हणून मी चिडलो. त्यातलं निम्मं बिल तर आमच्या मुलखात चालतच नाही.

आपल्याकडं 'धन्यवाद' हा शब्द कुठं ऐकू येतो? सत्काराच्या कार्यक्रमात, बातम्यांच्या शेवटी आणि मोबाइल कंपनीच्या फोनवर. 'आभार' तर थेट 'आभारप्रदर्शन' होऊनच येतात, तेही लोक खुर्च्या सरकवत उठत असताना. घरात आईनं भाकरी वाढली आणि लेक 'धन्यवाद' म्हणाला तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. शेजाऱ्याला, भावाला, सोयऱ्याला आभार मानले तर 'आम्हाला परकं केलं का?' असं ऐकावं लागतं. 'आभार' या शब्दातच भार आहे, आणि जवळच्या माणसावर भार टाकत नाहीत.

म्हणजे आपल्याकडं जाणीव नाही असं नाही. ती दुसऱ्या वाटेनं येते. माझे खेड्यातले पेशंट तपासून झाल्यावर थँक्यू म्हणत नाहीत, 'येऊ का मग?' म्हणतात. बरं वाटलं की पुढच्या खेपेला 'गुण आला बरं का' असं सांगतात. जानेवारीत कुणी हुरडा आणून देतं, कुणी मेथीची जुडी टेबलावर ठेवून काही न बोलता जातं. आजी असेल तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते. यातलं एकही 'थँक्यू'च्या रकान्यात बसत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. 2018 मध्ये काही भाषातज्ज्ञांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमध्ये रोजच्या बोलण्याची रेकॉर्डिंग तपासली. 'मीठ दे', 'जरा सरक', 'हे धर' असं कुणी म्हटलं, दुसऱ्यानं केलं, असे हजाराहून जास्त प्रसंग. त्यावर आभार मानले गेले साधारण वीसात एकदा. इंग्रजी आणि इटालियनमध्ये सर्वांत जास्त, तेही सातात एकदा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत एकदाही नाही, कारण तिथं थँक्यूसाठी ठरलेला शब्दच नाही. मराठी त्या आठात नव्हती, आणि ते प्रसंग घरातले, ओळखीतले होते, बँकेच्या दारातले नव्हते. तरी मला ते वाचून बरं वाटलं. काम झालं आणि पुढं सरकले, हीच जगाची जास्त रुळलेली रीत दिसते.

एवढ्यावर हा लेख संपवून मी तुम्हाला 'रागावू नका' सांगून मोकळा झालो असतो. पण तीन आठवड्यांनी जे झालं त्यामुळं लिहायला बसलो. (पुढचं घरच्यांच्या परवानगीनं आणि काही तपशील बदलून लिहितोय.)

घनसावंगी तालुक्यातून एक लेक वडिलांना घेऊन आली. तक्रार होती उजवा खांदा दुखण्याची आणि पोट साफ न होण्याची. ती आधी आत आली आणि दाराकडं बघत म्हणाली, "बाबा, या." बाबा दाराच्या उंबऱ्याशी उभे. हलेनात. माझ्याकडं टक लावून बघत होते. चेहऱ्यावर काहीही नाही. मग एकदम बारीक बारीक पावलं.

तीच टोपी. बँकेतले.

ते दारातून खुर्चीपर्यंत आले तेवढ्यात मला जे कळलं ते कुठल्याही एमबीबीएसच्या मुलाला कळलं असतं. उजवा हात चालताना हलत नव्हता. पापण्या फार कमी मिटत होत्या. खांदा दुखत होता कारण तो आखडला होता. हाताला कंप नव्हता, म्हणून घरच्यांना शंका आली नाही. पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं असाच समज आहे, पण काही पेशंटमध्ये कंप नसतोच. हालचाल मंदावते, अंग कडक होतं, आवाज बारीक होतो, आणि चेहऱ्याचे स्नायूही मंदावल्यामुळं चेहरा मुखवट्यासारखा होतो. आत माणूस तोच असतो. हसू येतं, पण चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. दारात, अरुंद जागेत, मागून कुणी घाई केली की पाय जमिनीला चिकटतात. हे लक्षण सहसा आजार बराच पुढं गेल्यावर दिसतं, म्हणजे यांची निदान चार-पाच वर्षं 'वय झालं' या नावाखाली गेली होती.

"बँकेत कशाला येता जालन्याला?" मी सहज विचारलं.

लेक म्हणाली, "सही जुळंना झाली, डॉक्टरसाहेब. तीनदा परत पाठवलं."

मी कागद दिला, सही करायला सांगितलं. पहिलं अक्षर बरं, मग बारीक, अजून बारीक, शेवटी मुंगीएवढं. पार्किन्सनमध्ये अक्षर असं लहान होत जातं. बँकेत बसलेल्या माणसाला ते कळायचं कारण नाही. मला होतं.

मग ती मान खाली घालून म्हणाली, "गावात लोक लई बोलतात. कुणी रामराम केला तर बाबा बघत बी नाहीत म्हणतात. भाऊ नोकरीला लागल्यापासून म्हातारा माजला, असं म्हणतात. पारावर कुणी बोलावत नाही आता. बाबा घरातच बसून राहतात."

तिनं शब्द तोच वापरला होता, माझ्या मनातला. गावातल्या लोकांनी काही शिक्षण घेतलेलं नव्हतं. मी वीस वर्षं हेच शिकलो आणि करत आलो. दारात दोन फुटांवर, लख्ख उजेडात, पाठ्यपुस्तकात छापावं असं लक्षण माझ्यासमोर अर्धा मिनिट उभं होतं आणि मी थँक्यूची वाट बघत होतो. चिडलेला माणूस वाईट निदान करतो हे मला माहीत होतं, पण असं पुराव्यासकट कधी दिसलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत बाबांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक की मी खुर्ची पुढं ओढली.

"बँकेत," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मी थांबलो. "दार धरलं व्हतं तुम्ही."

"हो."

पुन्हा तेवढाच वेळ. "म्हणायचं व्हतं. तोंडातून शब्द निघंस्तोवर तुम्ही गेलते."

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि पुन्हा घातला.

औषध सुरू केलं, लिव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी, कमी डोसनं, जेवणाच्या अर्धा तास आधी. न्यूरॉलॉजिस्टकडंही पाठवलं. आजार जात नाही, पण गोळीनं अंग बरंच मोकळं होतं. लेकीला सांगितलं की उंबऱ्यात पाय अडकले की ओढायचं नाही, 'चला चला' करायचं नाही. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडायला सांगा, किंवा 'एक-दोन, एक-दोन' मोजा. पाय उचलायला मेंदूला खूण मिळते. आणि काही विचारलं तर उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबा. गावातल्या लोकांना काय सांगायचं, असं तिनं विचारलं. म्हटलं, चेहऱ्याच्या नसांचा आजार आहे एवढं सांगा पारावर. शास्त्रीयदृष्ट्या ते पूर्ण बरोबर नाही, आजार मेंदूतला आहे. पण 'मेंदूचा आजार' म्हटलं की गावात दुसरंच काही समजतात.

तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर लक्ष द्या: अलीकडं कमी हसणारं, बारीक बोलणारं, चालताना एकच हात हलवणारं, अक्षर लहान झालेलं, वास येत नाही म्हणणारं. सगळ्यांना पार्किन्सनच असेल असं नाही. ऐकू कमी येणारी माणसंही 'घमेंडी' ठरतात. डिप्रेशन असलेलीही. थायरॉइड मंदावलेलीही. तोंडात मावा असलेला तरुण थँक्यू कसा म्हणणार, तो फक्त भुवया उडवतो. आणि मावा थुंकल्यावरही ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत त्याला माझ्याकडं नाही तर दातांच्या डॉक्टरकडं लवकर पाठवा. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, हे जालन्याच्या कुठल्याही टपरीसमोर उभं राहून वाचलं तर हसू येईल.

आणि काही माणसं उद्धट असतात म्हणूनच बोलत नाहीत. तीही आहेत. त्यांच्यावर गोळी नाही.

माझ्या रिपोर्टचं सांगायचं राहिलं. दिवसाची सरासरी 139/88 आली. म्हणजे बँकेतला तो चढ वगळला तरी मला बीपी आहेच. लोक थँक्यू म्हणत नाहीत म्हणून ते झालेलं नाही. ठेचा, पापड, वडिलांकडून आलेला वारसा आणि कमरेचा घेर यांनी झालंय. सकाळची एक गोळी सुरू केली आहे, आणि पापडाबद्दल घरात वाटाघाटी चालू आहेत.

बाबा दीड महिन्यानं परत आले. दारात मी लाल टेपची पट्टी चिकटवून घेतली आहे. ती त्यांनी ओलांडली, पाय अडकला नाही. बाकी काही बोलले नाहीत. जाताना 'येतो' म्हणाले, आणि डाव्या बाजूचा ओठ किंचित वर गेला. मला तो दिसला कारण मी वाट बघत थांबलो होतो.

त्याच आठवड्यात पुन्हा त्या बँकेत जावं लागलं. या वेळी वॉचमन जागेवर होता. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी आत पाऊल टाकलं आणि हिशोब केला की या बँकेत मी बारा वर्षं येतोय, महिन्यातून दोनदा तरी, आणि हाच माणूस निम्म्या वेळा दार उघडतो. मी वळलो आणि म्हणालो, "थँक्यू, मामा."

त्यानं चमकून मागं पाहिलं. मी कुणाशी बोलतोय ते बघत होता. मागं कुणी नव्हतं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पासबुकाचं मशीन बंद आहे, साहेब. उद्या या."